बुजवलेले दोन पाइप

संग्रहालयाच्या छपरावर नेमानं चढणारी माणसं दोनच. मी देखभालीची सुपरवायझर, आणि कसबा पेठेतले एक वयस्कर, कंत्राटी प्लंबर. दर उन्हाळ्यात ते पन्हळींतला पाला, कबुतरांची घरटी, मेलेली पिल्लं हातानं काढत आणि बादलीभर पाणी ओतून एकेक पाइप तपासत.

दर्शनी भिंत रंगवली त्या वर्षी नव्या रंगावर ओघळ नकोत म्हणून ठेकेदारानं त्या बाजूचे दोन पाइप सिमेंटनं बुजवून टाकले.

"मॅडम, आता हे पाणी दालनात उतरणार," प्लंबर म्हणाले.

मी साहेबांना सांगितलं. ते निमंत्रणपत्रिकेतलं शुद्धलेखन तपासत होते. "पावसाला अवकाश आहे. आधी वस्त्रदालनाचं उद्घाटन होऊ द्या." ठेकेदाराचं काम समाधानकारक झाल्याच्या कागदावर मी सही केली.

उद्घाटनानंतर आठवड्यातच वळीव कोसळला. सकाळी वस्त्रदालन उघडलं, तर छताचा गिलावा फरशीवर पडलेला. काचेच्या कपाटातली जुनी पैठणी भिजून पदराचा लाल रंग साडीभर पसरला होता. मी फडकं घेऊन काच पुसत बसले. बाहेरून.

चौकशी झाली. "पन्हळी साफ ठेवण्याची जबाबदारी कुणाची?"

"प्लंबरची," मी म्हणाले. बुजवलेल्या पाइपांबद्दल कुणी विचारलं नाही. मीही बोलले नाही. त्या कागदावर माझी सही होती. दार उघडंच होतं आणि प्लंबर बाहेर बाकावर बसले होते.

सोमवारपासून त्यांना फाटकावरच अडवलं. पाइप मोकळे करायचं काम त्याच ठेकेदाराला मिळालं. साहेबांची बढती झाली, माझी नोकरी राहिली.

पुढे सदाशिव पेठेत मुलीच्या क्लासखाली ते दिसले, नळजोडणी करताना. मी थांबले.

"अहो, त्या दिवशी मला..."

"जरा बाजूला व्हा. पाणी सोडतोय."

मी सरकले. पाणी आलं. त्यांनी सांध्यावरून बोट फिरवून पाहिलं.

"माझं चुकलं," मी म्हणाले.

"खोटं नाही बोललात तुम्ही. ऐकलंय मी." त्यांनी पाना पिशवीत टाकला. "त्या पैठणीचं काय झालं?"

"गुंडाळून तळघरात ठेवलीय."

"ओलीच?"

मला माहीत नव्हतं. ते पिशवी उचलून निघून गेले.