डोहातली गुरं

आमच्या ख्रिस्ती मंडळीत साक्ष देण्याची पद्धत आहे. प्रार्थना झाली की एकेक जण उठतो आणि प्रभू आपल्याला कसा भेटला ते सांगतो. कुणाला स्वप्नात उजेड दिसलेला असतो, कुणाला आजारपणात आवाज ऐकू आलेला असतो. माझी पाळी आली की मी सांगतो, मला तो मेलेल्या गुरांच्या वासात भेटला. बायका नाकाला पदर लावतात, पाळक घसा खाकरतात आणि मी खाली बसतो. पुढचं कुणी विचारत नाही. मलाही ते चारचौघांत सांगायला आवडत नाही, कारण पुढे माझा बाप येतो.

छप्पन साली बाप नागपूरला जाऊन बुद्धाची दीक्षा घेऊन आला. गेला तेव्हा मान खाली घालून चालणारा माणूस होता, परतला तो ताठ मानेनं. घरातले देव टोपल्यात भरून त्यानं नाल्यात सोडले. मग खुंटीवरचा दोर काढला. गावात कुणाचंही जनावर मेलं की ते ओढून नेणं आमच्या वस्तीचं काम, आणि तो दोर आमच्या घरी आज्याच्याही आधीपासून होता. बापानं तो चुलीत घातला. "आजपासून आपन मेलेलं वढनार नाई," एवढंच बोलला. सगळ्या वस्तीनं ते उचलून धरलं. गावानं त्याचं उत्तर दिलं. आमची मजुरी बंद झाली, दळण बंद झालं, दुकानातलं मीठसुद्धा बंद झालं. दोन वर्षं आम्ही कसे जगलो ते सांगत बसत नाही. पण बाप हलला नाही. त्याच्याजवळ ना शेत होतं ना बैल. जन्माची कमाई म्हणाल तर ती एक 'नाही' होती.

आग लागली तो साठ-एकसष्टचा उन्हाळा असावा. उमरखेड आणि महागावच्या मधल्या डोंगरांत, सागाच्या जंगलाला चिकटून आमचं गाव. मोहफुलं पडायच्या दिवसांत झाडाखालचा पाचोळा जाळतात, म्हणजे फुलं वेचायला भुई साफ राहते. सगळेच जाळतात, आम्हीही जाळायचो. त्या वर्षी वारा सुटला आणि कुणाचा तरी जाळ हातचा गेला. कुणाचा ते कळलं नाही, कळून उपयोगही नव्हता. भर दुपारी डोंगरावरून धूर आला, पाठोपाठ आवाज आला. सागाची वाळकी पानं पेटताना होणारा तो आवाज मी आजही चुलीजवळ बसलो की ऐकतो. आमची वस्ती जंगलाच्या अंगाला, म्हणून आधी आमच्या झोपड्या गेल्या. माझी आई बांधलेली बकरी सोडायला माघारी धावली आणि निखाऱ्यांवरून अनवाणी परत आली.

गावाची गुरं मात्र वाचलीच नाहीत. उन्हाच्या वेळी गुरं राखणारा म्हातारा गायकी सगळा कळप जंगलातल्या डोहावर पाणी पाजायला न्यायचा. तीन बाजूंनी जाळ आला, चौथ्या बाजूला उभा कडा. दुसऱ्या दिवशी लोक गेले तेव्हा गुरं एकावर एक पडलेली होती आणि त्यांच्यात गायकीही होता. गायकीला त्याच्या भावकीनं नेलं. गुरं राहिली.

उन्हाळ्यात गावातल्या विहिरी आटतात, आमचा नालाही वाहत नाही. वाळूत झिरे खोदायचे आणि साचेल ते पाणी वाटीनं भरायचं. डोह वरच्या अंगाला, झिरे खाली. काही दिवसांतच पाण्याला वास येऊ लागला आणि लेकरांना हगवण लागली. पहिलं लेकरू आमच्या शेजारच्या झोपडीत गेलं. मग गावात गेली ती पोलीस पाटलाची नात.

याच सुमाराला मिशनच्या दवाखान्यातला कंपाउंडर सायकलला औषधांची पेटी बांधून आला. पन्नाशीचा, बुटका, बोलायला तिरसट. शाळेच्या पडवीत त्यानं भाजलेल्यांना ओळीनं निजवलं, गावातले आणि आमचे एकाच सतरंजीवर. कुणी कुरकुरलं की म्हणायचा, "मंग घरी नेऊन निजवा ना." कुणी नेलं नाही. आईचे पाय त्यानं मांडीवर घेतले आणि कोमट पाण्यानं धुतले. आई पाय मागं घेत होती, आणि ते दुखण्यामुळे नव्हतं. आमच्या हातची वस्तू लोक पाणी शिंपडून उचलायचे. तिच्या पायांना परक्या माणसाचा हात त्या दिवशी पहिल्यांदा लागला. मी तिथंच उभा होतो, आणि मला रडू आवरेना.

पाणी पाहून कंपाउंडर म्हणाला, डोह साफ झाल्याशिवाय मरणं थांबायची नाहीत. गुरं ओढून काढा, खोल पुरा. सगळ्या गावानं आमच्या वस्तीकडे मान वळवली. पाटील स्वतः वस्तीच्या कडेपर्यंत चालत आले.

"मांगचं सारं इसरा," ते बापाला म्हणाले. "लेकरं मरून राह्यले. तुमचेबी मरून राह्यले."

बाप म्हणाला, "पाटील, जनावरं तुमचे. जिते होते तवा त्याईचं दूध आमाले भेटलं नाई. आता मेले तं आमचे कसे झाले?"

 पाटलांच्या डोळ्यांत पाणी होतं, ते मी पाहिलं. नात जाऊन दिवस तरी किती झाले होते! पण डोळे पुसत ते घरी गेले, डोहाकडे गेले नाहीत.

कंपाउंडरनं हे सगळं ऐकलं. त्यानं शाळेच्या आटलेल्या विहिरीचा दोर सोडला, खांद्यावर टाकला आणि डोहाकडे चालू लागला. मी त्याच्या मागं गेलो. का गेलो ते मला आजही धड सांगता येत नाही. शेजारचं ते लेकरू माझ्या अंगाखांद्यावर खेळलेलं होतं, एवढं मात्र खरं.

त्यानं वळून विचारलं, "तुले कोनी पाठवलं?"

"कोनी नाई."

"मंग ये. कोनी पाठवलं असतं तं वापस धाडलं असतं."

त्या कामाचं वर्णन करत नाही. गुरं फुगली होती, दोर बांधायला गेलं की कातडं हातात यायचं. गिधाडं इतकी खाऊन बसली होती की दगड मारला तरी उडत नव्हती. मी ओकायचो आणि पुन्हा दोर धरायचो. कंपाउंडर मधेच थांबून डोळे मिटायचा. देवाजवळ काय मागता म्हणून विचारलं तर खेकसला, "ताकद. दुसरं काय मांगू इथं?" मग खड्डा खणताना त्यानं सांगितलं की त्याचा आजाही हेच काम करायचा. "तो हुकमानं करे. मी माह्या मनानं करतो," तो म्हणाला, आणि पुन्हा कुदळ उचलली. असा माणूस ज्याच्यापुढे डोळे मिटतो तो आहे तरी कोण, असं मला तिथं पहिल्यांदा वाटलं. बाकी माझं धर्मांतर म्हणून जे काही आहे ते तिथंच झालं, नंतर फक्त बाप्तिस्म्याचं पाणी घेतलं. पुढे गावातली एक विधवा आली, आपली गाय ओळखून तिनं रडत दोर धरला. तिच्या मागून आणखी दोघं-चौघं आले. डोह रिकामा झाला. मरणं थांबली.

डोहावर गेलो त्या पहिल्याच संध्याकाळी बाप जळक्या झोपडीसमोर माझी वाट पाहत उभा होता.

"कोनाच्या हुकमानं गेलता?"

"कोनाच्याच नाई, बा. माह्या मनानं गेलतो."

"तुह्यं मन त्याईले दिसते काय? त्याईले यवढंच दिसन का याचा पोरगा पुन्हा वढून राह्यला."

 त्या रात्री मी पाणी मागितलं तर आईनं लोटा माझ्या हातात दिला नाही. गावात आम्हाला जसं वाढायचे तसं, वरून, माझ्या ओंजळीत ओतलं. बापानं सांगितलं होतं. आई रडत होती आणि पाणी माझ्या कोपरांवरून खाली गळत होतं. मला बापाचा भयंकर राग आला, आणि तो बरोबर बोलतोय हे कळत असल्यामुळे जास्तच आला.

मी कंपाउंडरबरोबर दवाखान्यात गेलो. झाडलोट करायचो, पट्ट्या उकळायचो. चौथीपर्यंतच्या शिक्षणावर अक्षर अक्षर लावून शुभवर्तमान वाचायचो. पावसाआधी आम्ही बांबू आणि गवत घेऊन वस्तीत आलो, जळालेल्यांना झोपड्या उभ्या करून दिल्या. बापानं माझा एकही बांबू घेतला नाही. जळक्या वाशांचीच त्यानं झोपडी उभी केली, आणि पावसाळाभर ती गळली. पुढच्या वर्षी मी बाप्तिस्मा घेतला. ते कळल्यावर तो लोकांना म्हणाला म्हणे, "तेहतीस कोटी सोडून आलतो, यानं एक उचलून आनला." मला हसू आलं. माझ्याशी तो बोलत नव्हता.

बापाचं म्हणणं खरं ठरायला फार वेळ लागला नाही. पाटलांचा बैल मेला, तोही आमच्या वस्तीच्या नव्या विहिरीजवळच्या त्यांच्या वावरात. त्यांच्या पुतण्यांनी बापाला निरोप धाडला. तुझा पोरगा ओढतो ना? त्याला बोलाव, नाहीतर तू ये. बापानं नाही म्हणून सांगितलं. पुतणे काठ्या घेऊन आले.

वस्तीतल्या लोकांनी त्याला बैलगाडीत घालून आमच्या दवाखान्यात आणलं. उजवा हात कोपराखाली मोडला होता, डोकं फुटलं होतं. कंपाउंडरनं हाड बसवलं, मी हात धरून ठेवला. बापानं दात आवळून घेतले, पण माझ्याकडे पाहिलं नाही. माझ्यामुळे झालं, असंही म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी पाटील आले. खाटेपासून हातभर दूर उभे राहिले.

"पोरं चुकले," ते बापाला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "पन जनावर सडून राह्यलं, आन तुमच्याच विहिरीचं पानी नासन. तू तं आता ख्रिस्ती झाला. तुमच्या धर्मात सेवा सांगतली हाय. तुले कायची लाज?"

 कंपाउंडर पट्टी गुंडाळत होता, त्याचे हात थांबले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, पण काही सुचवलं नाही. नाही म्हणावं तर ज्याच्या नावानं पाणी घेतलं त्याला काय तोंड दाखवू? हो म्हणावं तर खाटेवरच्या या माणसाला काय दाखवू?  त्या वेळी मी काही प्रार्थना वगैरे केली नाही, उगाच कशाला खोटं सांगू.

"येतो, पाटील," मी म्हणालो. "दोराचं एक टोक मी धरतो, एक तुमी धरा."

"मी?"

"जनावर तुमचं हाय."

पाटील माझ्याकडे पाहत राहिले. त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, त्यांना खरोखरच कळत नव्हतं. मग त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि ते निघून गेले. बैल तिथंच कुजला, कुत्र्यांनी आणि गिधाडांनी तो संपवला. वस्तीतल्या बाया पावसापर्यंत लांबून पाणी आणत राहिल्या.

संध्याकाळी मी कंदील लावायला आत गेलो. बाप जागा होता. छताकडे पाहतच बोलला. आग लागली त्या उन्हाळ्यानंतर माझ्याशी बोललेलं त्याचं हे पहिलं वाक्य.

"पाटलानं धरलं असतं तं?"

"तं वढला असता, बा."

त्यानं डोळे मिटले. मला वाटलं, झोप लागली. मी कंदिलाची वात कमी केली आणि दाराकडे वळलो.

"मंग मीबी आलो असतो," तो म्हणाला.

त्याचा उजवा हात फळीला बांधलेला होता.