चौदा डबे

माझे भाऊजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, एकतीस वर्षं एका हॉस्पिटलात भुलीची मशीन सांभाळत होते. ऑपरेशन करणाऱ्याचं नाव पेशंटला पाठ असतं, भूल देणाऱ्याचं बिलावर तरी वाचायला मिळतं. मशीन सांभाळणाऱ्याला मात्र कुत्रंही विचारत नाही. तिथं त्यांना सगळे ‘हवेवाले’ म्हणायचे. त्यांनी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि ती मी बिघडवली. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचताना कुणी मला भला माणूस समजू नये.

मी एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासतो. दुसऱ्यांच्या चुका शोधणं हाच बावीस वर्षांचा पोटापाण्याचा धंदा.

भुलीच्या मशीनला एक पारदर्शक भांडं असतं. त्यात चुन्याचे पांढरे दाणे भरलेले असतात. पेशंटनं सोडलेला श्वास त्या दाण्यांतून फिरतो, दाणे त्यातला कार्बन डायऑक्साइड शोषून घेतात आणि उरलेली हवा परत त्याच्याकडे जाते. दाण्यांचा जीव संपत आला की ते जांभळे होतात. इथवर थिएटरमधल्या सगळ्यांना ठाऊक असतं. भाऊजींना पुढचंही ठाऊक होतं. संपलेले दाणे एकदोन दिवस नुसते पडून राहिले की पुन्हा पांढरे दिसायला लागतात. दिसतात फक्त, त्यांच्यात दम नसतो. पेशंटला जोडले की थोड्याच वेळात पुन्हा जांभळे. म्हणून सुट्टीनंतरच्या सकाळी भाऊजी रंगाकडे बघायचेच नाहीत. भरल्याची तारीख बघायचे आणि दाणे फेकून द्यायचे.

एकदा एका मोठ्या सर्जननं ते पाहिलं. “चांगला पांढराशुभ्र माल फेकताय? डोळे आहेत की बटणं?”

“रंग खोटा आहे, सर,” भाऊजी म्हणाले.

सर्जननं त्यांना सगळ्यांदेखत झापलं आणि वर नासधुशीबद्दल मेमो दिला. भूल देणाऱ्या डॉक्टरांना खरं काय ते माहीत होतं, पण त्यांनी तोंडात मिठाची गुळणी धरली. भाऊजींनी मेमोवर निमूट सही केली, घरी आले आणि त्याच आठवड्यात दोनशे पानी वही विकत आणली.

वहीत त्यांनी एक अंतराळयान बिघडवलं. यानात दोघंच, कॅप्टन आणि मेकॅनिक. ऑक्सिजन भरपूर, पण हवा शुद्ध करणारं यंत्र कायमचं बंद. मदतीचं यान बारा दिवसांनी पोचणार. दोघांच्या हाताशी उरतं ते यानातल्या दवाखान्याचं कपाट आणि त्यात भुलीच्या मशीनसाठी ठेवलेले दाण्यांचे डबे.

“सगळे जण ऑक्सिजन संपवून माणसं मारतात,” भाऊजी मला सांगायचे. “बंद खोलीत ऑक्सिजन संपायच्या कितीतरी आधी माणूस स्वतःच्याच श्वासानं मरतो. हे कुणी लिहीतच नाही.”

एवढ्या गोष्टीला त्यांना सात वर्षं लागली, कारण एक ओळ लिहायची तर ते चार दिवस हिशेब करायचे. पडून राहिलेला माणूस किती श्वास सोडतो, घाबरलेला किती, भांडणारा किती. ताई वैतागायची. “आमच्या घरात भांडायचीसुद्धा सोय नाही,” ती मला म्हणायची, “मी ओरडले की हे सांगतात, किती हवा खराब झाली.” पण वह्या तीच जपून ठेवायची.

सगळी कादंबरी एका हिशेबावर उभी होती. हिशेब सोपा आहे, मलासुद्धा कळला. शांत पडलेला माणूस दिवसाला साधारण किलोभर कार्बन डायऑक्साइड सोडतो. तेवढा शोषायला साडेतीन किलो दाणे लागतात. एक डबा साडेचार किलोचा, असे चौदा डबे. म्हणजे त्रेसष्ट किलो. दोघांना ते नऊ दिवस पुरतात, आणि यान तर बाराव्या दिवशी येणार. सहावा दिवस संपताना दोघांतला एक जण कमी झाला, तर उरलेला बरोबर बारा दिवस काढतो. एका दिवसाचा उशीर झाला तर दोघंही जातात.

सहाव्या दिवशी कॅप्टनला फेकलेल्या पिशवीतले दाणे पांढरे झालेले दिसतात. तो हरखून जातो. वाचलो, म्हणतो, हे पुन्हा वापरता येतील. मेकॅनिकला रंग खोटा आहे हे माहीत असतं. तो वाद घालत नाही, कारण वाद घालायलाही हवा लागते. कॅप्टन झोपल्यावर तो मधलं दार आपल्यामागे घट्ट लावून घेतो आणि सूट न घालता बाहेरचं दार उघडतो. कादंबरी तिथं संपते. मी ते हस्तलिखित ऑफिसात दुपारी वाचलं आणि नंतर तासभर माझ्याच्यानं काही काम झालं नाही.

आमच्या मालकांनाही आवडलं. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की मेकॅनिक जगला पाहिजे.

“अहो, वाचकाला शेवटी काहीतरी हातात द्यायला नको का? दोनशे पानं जीव लावायचा आणि मग माणूस मारायचा?”

“मी मारत नाही,” भाऊजी म्हणाले. “डबे कमी पडतात.”

“मग डबे वाढवा.”

“कपाटात मावत नाहीत.”

मालकांना वाटलं थट्टा चालली आहे. भाऊजींनी वही उघडून कपाटाचं माप दाखवलं. दोन फळ्या, एका फळीवर सात डबे. डब्याची उंची, झाकणाचा घेर, सगळं होतं. इथंच घोडं पेंड खाऊ लागलं. मालक ऐकेनात, भाऊजी हलेनात, आणि हस्तलिखित दोन वर्षं आमच्या लोखंडी कपाटात पडून राहिलं. भाऊजी मला कधी त्याबद्दल विचारायचे नाहीत. घरी गेलो की फक्त माझ्या तोंडाकडे बघायचे आणि मग दुसरं काहीतरी बोलायचे.

मग त्यांचीच फुप्फुसं सुकायला लागली. ज्या हॉस्पिटलात जन्म घालवला तिथंच दाखल झाले, नाकाला नळी. डॉक्टर म्हणाले, काही महिने. ताईनं मला जिन्यात गाठलं.

“पुस्तक छापून टाक,” ती म्हणाली. “काय बदलायचं ते बदल. त्यांच्या हातात एकदा पुस्तक पडू दे.”

ताईवर ढकलायचा माझा विचार नाही. तिनं पुस्तक मागितलं होतं, मी त्यात काय केलं ते माझं मी केलं. चौदाचे एकोणीस डबे केले. एकोणीस डबे दोघांना बारा दिवस पुरतात, तेवढा हिशेब मी नीट केला. पिशवीतले पांढरे झालेले दाणे आणि ते उघडलेलं दार गाळलं. शेवटची चार पानं स्वतः लिहिली, त्यात मदतीचं यान येतं आणि दोघं खिडकीतून हात हलवतात. खरं सांगायचं तर ती पानं लिहिताना मला मजा आली. वीस वर्षं दुसऱ्यांचे काने-मात्रे दुरुस्त करणाऱ्याला पहिल्यांदाच चार पानं मिळाली होती, आणि तीही छापून येणार होती.

पुस्तक घेऊन मी वॉर्डात गेलो. भाऊजींनी मुखपृष्ठावरून हात फिरवला. ताई रडली. मला वाटलं, पुण्य पदरात पडलं.

चार दिवसांनी गेलो तेव्हा पुस्तक उशाशी होतं. भाऊजी दोन शब्द बोलून दम घ्यायचे.

“पाच डबे कुठून आणलेस?”

“भाऊजी, गोष्टच आहे ना ती.”

“पाच डबे. कुठून आणलेस, तेवढं सांग.”

मी म्हणालो, कुणाच्या लक्षातही येणार नाही. हे वाक्य मी लेखकांच्या तोंडून शेकडो वेळा ऐकलंय आणि प्रत्येक वेळी मनातल्या मनात त्यांना शिव्या घातल्यात. भाऊजींनी डोळे मिटले. पुढं दोन महिने ते माझ्याशी तब्येतीचं बोलले, ताईच्या पेन्शनच्या कागदांचं बोलले, पुस्तकाचा विषय पुन्हा काढला नाही. मीही काढला नाही. माफी मागायला मला रोज एक तास मिळत होता. मी मोसंबी सोलत बसायचो.

ते गेले. पुस्तकाचं कुठं नाव झालं नाही, गठ्ठे गोदामात पडले.

वर्षभरानं ऑफिसात एक पत्र आलं. कुठल्याशा शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई. त्यांनी लिहिलं होतं की पुस्तक वर्गात वाचून दाखवताना त्यांना एक चूक सापडली. एकतिसाव्या पानावर कपाटाला दोन फळ्या आहेत आणि एका फळीवर सातच डबे बसतात, मग पुढं एकोणीस कसे होतात? आणि चौदाच असतील तर दोघं वाचत नाहीत. मी आकडे बदलले होते, फळ्या बदलायच्या राहून गेल्या होत्या. बावीस वर्षांचा तपासनीस मी, कपाट मोजायचं मला सुचलंच नाही.

बाईंनी हे आधी लेखकालाच कळवलं होतं. पुस्तकात घरचा पत्ता छापलेला होता. त्यांना उत्तरही आलं होतं, त्याची झेरॉक्स सोबत जोडली होती. पुढच्या आवृत्तीत दुरुस्ती करावी, अशी विनंती होती. लेखक हयात नाहीत हे त्यांना माहीत नसावं.

झेरॉक्सवर भाऊजींचं अक्षर होतं, ओळी उतरत गेलेल्या. तारीख शेवटच्या आठवड्यातली.

‘आपला हिशेब बरोबर आहे. कपाटात चौदाच डबे मावतात, आणि चौदा डब्यांत दोन माणसं बारा दिवस जगत नाहीत. मुद्रितं माझ्या मेहुण्यांनी तपासली, ते कामाला चोख आहेत, त्यांचा यात दोष नाही. चूक माझी आहे. वर्गातल्या मुलांना तसं सांगावं.’

मी ते दोनदा वाचलं. मालकांनी चष्म्यावरून बघत विचारलं, “काय हो, कसली तक्रार?”

“काही नाही,” मी म्हणालो. “लेखकाची एक चूक राहून गेलीय.”