गिरणीवाल्या नानांचा दसरा

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत आहे हे पिंप्राळ्यातल्या आमच्या गल्लीला कळलं आणि माझी सुट्टी गल्लीच्या मालकीची झाली. कुणाचा प्रिंटर, कुणाचं व्हॉट्सअ‍ॅप, एकाचा तर टीव्हीचा रिमोट! ‘अहो, हे माझं काम नाही,’ सांगून जीभ झिजली. उत्तर ठरलेलं, ‘तू नुसतं बघ तर खरं.’

यंदा दसऱ्याला आले ती कुणाचंही काही बघायचं नाही असं ठरवूनच. दुसऱ्याच दिवशी शेजारचे नाना दारात हजर.

‘काय बिघडलं आता?’ मी फटकन विचारलं.

‘कम्प्युटर. अक्का बाजारात गेलीय, ती यायच्या आत चल ना, बेटा.’ आणि मग घाबरून एकदम खानदेशीत, ‘तिना बठ्ठा आवाज त्यामाच शे.’

अक्कांचा सगळा आवाज त्यातच! माझा राग तिथेच विरघळला. अक्का म्हणजे त्यांची बायको. हळदीची गाणी म्हणावीत तर त्यांनीच. मागच्या वर्षी घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. ऑपरेशनच्या आधी नातीने त्यांची गाणी त्या कम्प्युटरमध्ये भरून ठेवली होती, आणि ती दुसरीकडे कुठेच नव्हती.

कम्प्युटर चालू व्हायचा नि क्षणात बंद पडायचा. मी बाजूचं झाकण काढलं आणि कपाळावर हातच मारला. आत हळद, कुंकू, झेंडूच्या पाकळ्या! पंख्यात ओल्या अक्षता घट्ट अडकलेल्या.

‘नाना, हे काय हो?’

‘पूजा केली. गिरणीचं झाकण काढून आतून करायचो ना, दर दसऱ्याला.’

नानांनी जन्मभर गल्लीच्या तोंडाशी पिठाची गिरणी चालवली. ती उन्हाळ्यात विकली. यंदा पूजेला घरात यंत्र उरलं होतं ते हे एकच. आता त्यांना काय बोलणार, कप्पाळ!

जुन्या टूथब्रशने एकेक तांदूळ काढला. नाना टॉर्च धरून उभे, पण सारखे दाराकडे वळून बघत होते, त्यामुळे उजेड भिंतीवरच जास्त. पंखा फिरला. मी आधी सगळी गाणी पेन ड्राइव्हवर उतरवली, मगच नानांना खुर्चीत बसवून एक लावलं.

अक्कांचा खणखणीत आवाज खोलीत भरला. मागे गिरणीची घरघर. त्या रेकॉर्डिंगमध्येच कडवं अर्ध्यावर तोडून अक्का ओरडल्या, ‘ओ, गिरणी बंद करा ना जरा! गाणं चालू शे!’

‘करस, करस,’ म्हणत नाना उठले आणि तरातरा दाराकडे निघाले.

दारात भाजीची पिशवी घेऊन अक्का उभ्या होत्या. त्यांनी हसत हसत नानांचा हात धरला आणि त्यांना परत खुर्चीत बसवलं.