कमान उतरायच्या आत

इतकं हळू पळण्यासाठी इतके प्रचंड कष्ट घेणारा माणूस माझ्या व्याह्यांखेरीज अख्ख्या जगात दुसरा नसेल. वय सदुसष्ट, घोरावाडीला घर, स्टेशनापलीकडे दीड एकर भात आणि डोक्यावर पांढरी टोपी, जी पळतानाही उतरत नाही. खाली पायजमा आणि त्याखाली पोपटी रंगाचे बूट. गुडघ्यांना त्यांनी नावं दिली आहेत. डावा थोरला, उजवा धाकला. दहा वर्षांपूर्वी या धाकल्याने दगा दिला आणि त्यांचं पळणं सुटलं. "थोरला समजूतदार हाय वो," ते सांगतात, "धाकल्याला मातर रोज इचारावं लागतं, बाबा, येतोस का म्हणून." आणि खरोखरच, पळायच्या आधी ओट्यावर बसून ते उजव्या गुडघ्याशी हलक्या आवाजात बोलतात. होकार आला की उठतात. एकदा होकार यायला पाऊण तास लागला. तेवढ्यात मी त्यांच्या घरचा पेपर छोट्या जाहिरातींसकट वाचून काढला.

दोन वर्षांपूर्वी ते पुन्हा पळायला लागले आणि लगेच आमच्या लोणावळ्यातल्या एका मॅरेथॉनमध्ये उतरले. सहा तासांची मुदत होती. हे पोचले तेव्हा मुदत उलटून वीस मिनिटं झाली होती. शेवटच्या रेषेवरची कमान उतरवून रस्त्यात आडवी ठेवलेली आणि दोन माणसं तिचं कापड गुंडाळत बसलेली. व्याह्यांनी पायजमा जरा वर धरला, आडव्या खांबावरून एकेक पाय टाकला आणि शर्यत पुरी केली. मी हसलो नाही. मुलीच्या बापाने व्याह्यांना हसायचं नसतं, आणि त्यांचा चेहरा बघून कोणालाच हसू आलं नसतं. रिक्षात बसल्यावर ते एवढंच म्हणाले, "एकदा ती उबी असताना खालनं जायचंय मला."

माझी मुलगी, म्हणजे त्यांची सून, हे ऐकत होती. तिने मोबाइलवर बरंच काही वाचलं आणि निकाल दिला, "आबा, नुसतं लांब पळून भागणार नाही, वेग वाढवायला हवा. चारशे मीटर जोरात, मग दोन मिनिटं चालायचं, असं आठ वेळा. आणि तुमच्यापुढे कोणीतरी पळायला हवं, म्हणजे त्याच्या ओढीने तुम्ही जाल." हा कोणीतरी म्हणजे मी. मी चौसष्ट वर्षांचा, आणि रोज सकाळी फिरायला जातो एवढाच माझा गुन्हा. पण व्याह्यांचा फोन आला, "मंगळवारी या, पळायचंय," आणि मला नाही म्हणता आलं नाही. तेव्हापासून दर मंगळवारी आणि शुक्रवारी मी पहाटेच्या लोकलने लोणावळ्याहून घोरावाडीला जाऊ लागलो.

अडचण वेगळीच निघाली. लग्नाला नऊ वर्षं झाली तरी मुलीकडचा तो मुलीकडचाच. व्याह्यांच्या आधी मी कधी पानावर बसलेलो नाही, त्यांच्यापुढे पळू कसा? पहिल्याच फेरीला मी मानाने अर्धं पाऊल मागे राहिलो. मुलगी ओरडली, "बाबा, पुढे व्हा!" मी पळता पळता म्हणालो, "आपण व्हा पुढे." व्याही म्हणाले, "छ्या छ्या, पाव्हणं तुमी, तुमी म्होरं." मी म्हणालो, "असं कसं, आधी आपण." वाट देण्यात दोघांचाही वेग उतरत गेला आणि शेवटी भर रस्त्यात आम्ही समोरासमोर उभं राहून एकमेकांना हाताने वाट दाखवू लागलो. मागून दुधाचा टेम्पो आला, त्याला मात्र आम्ही लगेच पुढे जाऊ दिलं. त्या चारशे मीटरना अकरा मिनिटं लागली. मुलगी कपाळाला हात लावून दगडावर बसली होती.

मग तिने माणसाचा नाद सोडला आणि आम्हाला लोकलच्या मागे लावलं. घोरावाडीला सकाळी गर्दी नसते. गाडी सुटली की तिच्या बरोबरीने फलाटाच्या टोकापर्यंत पळायचं, असं ठरलं. रेल्वेला हे पसंत नसावं, पण रेल्वेला कोणी विचारलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी व्याही टोपी धरून जिवाच्या आकांताने पळत होते, मागे अर्ध्या पावलावर पाण्याची बाटली घेऊन मी. दारातली मंडळी हात पुढे करून ओरडत होती, "आबा, धरा! धरा हात!" आणि कोणा भल्या माणसाला राहवलं नाही, त्याने साखळी ओढली. गाडी थांबली. गार्ड डोकं बाहेर काढून म्हणाला, "चढा ना आबा लवकर, लेट होतंय." मी सांगायला तोंड उघडणार, तोच व्याही माझ्या कानाशी म्हणाले, "एवढी गाडी उबी केली आपल्यासाठी, आता न्हाई म्हनणं बरं दिसत न्हाई." आम्ही चढलो. लोकांनी उठून जागा दिली, एकाने चिवडा दिला. कुठे निघालात, या प्रश्नाला व्याह्यांनी "तळेगावला, जरा काम हाय" असं गंभीरपणे सांगितलं. तळेगावला उतरून आम्ही रस्त्याने परत आलो, पळत. त्या दिवशी ते सगळ्यांत वेगात पळाले, कारण खिशात तिकीट नव्हतं.

वर्षभर असं चाललं. वेग वाढला का? मुलगी म्हणे वाढला. मला तर बुटांचा रंग फिका झालेला तेवढा दिसत होता.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा तीच शर्यत आली. मुलगी सायकलवर त्यांच्या सोबत होती, मी शेवटच्या रेषेवर. सहा तास व्हायला दहा मिनिटं असताना तिचा फोन आला, "बाबा, अजून दोन किलोमीटर आहेत. धाकला रुसलाय. पण आबा थांबत नाहीयेत." तिचा आवाज रडवेला होता. सहा तास झाले. कमानवाला पाना घेऊन आला आणि मला म्हणाला, "काका, सरका जरा. मला कामशेतात लग्नाचा मांडव घालायचाय." मी काय करतोय हे कळायच्या आत मी कमानीच्या खांबाला दोन्ही हातांनी मिठी मारली होती. म्हणालो, "माझे व्याही यायचेत अजून."

तो थबकला. "व्याही? मुलीकडचे का मुलाकडचे?"

"मुलाकडचे."

त्याने पाना खिशात घातला. "मुलाकडचं पाव्हणं यायचं, आन् मी कमान काढू व्हय?" वर चढलेल्या गड्याला त्याने खाली बोलावलं आणि मला बसायला खुर्ची दिली. रस्ता केव्हाच मोकळा झाला होता, गाड्या कमानीखालून हॉर्न वाजवत जात होत्या, आणि आम्ही तिघं रस्त्याच्या कडेला वऱ्हाडाची वाट बघत बसलो.

व्याही वळणावर दिसले ते उजवा पाय ओढतच. पण कमान दिसली मात्र, ते पळायला लागले. हात छातीशी घेऊन, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखे. खालून गेले, थांबले, वर बघितलं आणि टोपी काढली. इतक्या वर्षांत त्यांचं उघडं डोकं मी प्रथमच बघत होतो. किती थोडे केस राहिले होते!

"येळेत आलो का वो?" त्यांनी विचारलं.

"कमान उभी आहे ना?" मी म्हणालो.

"हाय की!" ते माझ्या खांद्यावर हात टाकून हसले. "पुढल्या साली आजून लौकर यीन बगा." मी म्हणालो, याल, नक्की याल. त्यांच्या खांद्यावरून कमानवाला माझ्याकडे बघत होता. मी मान हलवली, आणि तो हळूच, आवाज न करता, खांब सोडवू लागला. व्याह्यांची पाठ तिकडे होती. धाकला काय म्हणतो, पाणी देऊ का, भाताचं यंदा कसं काय, सुचेल ते मी विचारत राहिलो, आणि ते आनंदाने एकेक सांगत राहिले.