तळ्याची चौथी बाजू

आमच्या गल्लीच्या टोकाला तळं होतं. होतं म्हणजे अजून आहे, कठडा आहे, दिवे आहेत, चालायला टाइल्सची वाट आहे, पण... थांबा, नीट सांगते.

अप्पा, म्हणजे माझे वडील, इथेच तंजावूरला पाटबंधाऱ्याच्या ऑफिसात होते, आता रिटायर्ड. तळं सुधारायचं ठरलं तेव्हा गल्लीनं त्यांनाच पुढं केलं, आणि किती हौसेनं नकाशा काढला त्यांनी! तीन बाजूंना वाट, चौथी मोकळी. तिथूनच वायक्काल, म्हणजे कावेरीचं पाणी आणणारा छोटा कालवा, तळ्यात शिरायचा. तिथं लव्हाळी, बेडूक, पाणकोंबड्या. अप्पांचं म्हणणं एवढंच, की ह्या तोंडाला हात लावू नका. पाणी इथून येतं, गाळ इथंच बसतो, आपल्या विहिरी ह्याच्यावरच जगतात.

मीटिंग आमच्याच ओट्यावर झाली. समोरचे मामा, शुगरवाले, म्हणाले, "सार, तीन बाजू चालून काय, परत फिरायचं? घाण्याचा बैलसुद्धा पुरा गोल फिरतो!"

सगळे हसले, अप्पापण हसले.

त्यांची बायको, मामी, म्हणाल्या, "आणि त्या लव्हाळीत साप आहेत."

"साप आहेत म्हणून उंदीर नाहीत, मामी," अप्पा म्हणाले.

"मग एक न्या की तुमच्या घरी!"

कॉफी संपेपर्यंत चौथी बाजू गेली, तिथंही भिंत घालून वाट करायचं ठरलं. वाईट कोणीच नव्हतं हो, खरंच, मामांना डॉक्टरांनी चालायलाच सांगितलेलं. कालव्यासाठी वाटेखालून पाइप ठेवू म्हणाले, ठेवलाही. मग त्यातून कचरा आत येतो म्हणून तो सिमेंटनं बुजवला. अप्पा दोनदा भांडायला गेले. नंतर त्यांनी संध्याकाळचं फिरणंच सोडलं.

आणि मग आली आडी ह्या तमिळ महिन्याची अठरावी तारीख. नदीला नवं पाणी येतं ना, त्या पाण्याची पूजा, आमच्याकडे सगळ्या बायका तळ्यावर जातात. आई हळदीचे दोरे, दिवा, गुळातले भिजवलेले तांदूळ घेऊन नव्या पायऱ्यांवर उभी, सगळ्या जरीच्या साड्यांत, आणि तळ्याच्या तळाशी नुसता हिरवा चिखल.

गल्लीनं टँकर मागवला होता! पूजेला!

मामा धावत आले, "सार, पाण्याचे साहेब तुम्हीच, तुम्हीच नळ सोडा!"

मला वाटलं अप्पा आता ओरडणार. पण मामांना मनापासून आनंद झालेला, दिसतच होतं. अप्पांनी नळ सोडला. टाळ्या वाजल्या, बायकांनी त्या पाण्यात फुलं टाकली.

अप्पा गुपचूप चौथ्या बाजूच्या कठड्यापलीकडे गेले, मी मागोमाग. आणि तिथं, अय्यो, तिथं खरंच आलं होतं! वायक्कालमधून, गढूळ, फेसाळ, काड्या-पानं घेऊन नवं पाणी आलेलं. भिंतीपर्यंत यायचं, आपटायचं, आणि वळून रस्त्याच्या गटारात जायचं.

मी म्हटलं, "आईला बोलावू?"

अप्पा खाली बसले, पाण्यात हात घातला.

"नको. पूजा होऊ दे तिची. सांगू नकोस."

पलीकडे टँकर रिकामा होत होता. अप्पा हातानंच पाण्यातली पानं बाजूला करत राहिले, जणू तेवढ्यानं त्याला आत जायला वाट मिळेल.