रंगीची आई

आमच्या गावाकडे लेकुरवाळ्या बाईला तिच्या थोरल्या मुलाच्या नावाने ओळखतात. माझ्या आईला तीन मुलं झाली. थोरला भाऊ, मग अक्का आणि शेवटी मी. तिघंही शाळेत गेलो, मार्गाला लागलो. तरी पालीच्या अलीकडच्या आमच्या वाडीत तिला कुणी आमच्या नावाने ओळखलं नाही. ती शेवटपर्यंत 'रंगीची आई'च राहिली. रंगी म्हणजे आमची म्हैस. यावर रागवायचं तरी कुणावर? वाडीचं काही चुकलं नव्हतं.

खरं तर रंगी एक नव्हती. माझ्या आठवणीत पाच झाल्या. एक गेली की तिची रेडी मोठी होऊन त्याच दावणीला यायची आणि तिचं नावही रंगीच. मी एकदा म्हटलं, "आई, एखादं नवीन नाव ठेव की."

"म्या आता नवं नाव कुठं पाठ करीत बसू?" ती म्हणाली. "तोंडाला हेच बसलंय."

तोंडाला काय काय बसलं होतं ते आम्हाला ठाऊक होतं. मला हाक मारायची तर आधी थोरल्याचं नाव यायचं, मग अक्काचं, मग रंगीचं आणि सर्वांत शेवटी माझं. मी मात्र 'रंगे' म्हटल्यावरच ओ द्यायला शिकलो होतो. उगाच तिचा वेळ कशाला घालवा?

दिवसभर आई फारशी बोलत नसे. पावसाळ्यात भाताच्या लावणीला ती सगळ्यांच्या आधी चिखलात उतरायची आणि सगळ्यांच्या शेवटी बांधावर यायची. घरी आली की चूल, जातं, पाणी. तोंडून शब्द निघाला तर तो कामाचा. पण संध्याकाळी चरवी घेऊन ती रंगीच्या कासेशी बसली की तिला वाचा फुटायची. घरातली प्रत्येक बातमी ती रंगीला सांगायची, अगदी रीतसर, पहिल्यापासून शेवटपर्यंत. आणि रंगी कान हलवत, रवंथ करत पान्हा सोडायची.

आमच्या घरात माणसं आणि गुरं एकाच छपराखाली. मधे कारवीच्या काठ्यांचा, शेणाने सारवलेला कूड. एका जागी सारवण गळून बोटभर फट पडली होती. धारेची वेळ झाली की आम्ही तिघं भावंडं पाय न वाजवता तिथे जमायचो आणि कुडाला कान लावायचो. घरात काय चाललंय ते आम्हाला तिथेच कळायचं.

मी दहावीला पहिल्या वर्गात पास झालो. धावत घरी आलो, आईला सांगितलं. ती चुलीपुढे होती. मान वर न करता म्हणाली, "बरं झालं. हात धू, भाकरी गार व्हतीय." माझा चेहरा पडला. संध्याकाळी कुडापलीकडून आवाज आला, "रंगे, धाकट्यानं आज नाव काढलं बग. पुस्तक हातात घिऊन तुझ्यामागं रानात हिंडायचं पोरगं, तू तर बगितलंयस. लई कष्ट केलं गं त्यानं." मला अजूनही वाटतं, माझा निकाल खऱ्या अर्थाने त्या वेळी लागला.

अक्काला किकवीला दिली तेव्हा मांडवात आई हसतमुखाने पाहुण्यांना वाढत होती. दुसऱ्या दिवशी रंगीला म्हणाली, "घर चांगलं हाय, हमरस्त्याला हाय. पन सकाळी मी येनी घालायला फनी काढून बसले, आन मग आठवलं." वडील गेले तेव्हा चारचौघांत तिच्या डोळ्याला पाणी आलं नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात आवाज फुटला, "रंगे, मालक गेलं गं. आता तुझी वैरन कोन आननार?" मग ती खूप रडली. कुडाच्या अलीकडे आम्हीही.

पुढे थोरला पुण्याला गेला. मी वेल्ह्याला कचेरीत कारकून झालो आणि घरीच राहिलो. आईने ऐंशी ओलांडली आणि तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. ती ते कबूल करेना. "मला समदं दिसतंय," म्हणायची आणि तांदूळ पातेल्याच्या बाहेर ओतायची. भोरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, आणखी उशीर केला तर नजर हातची जाईल. आई म्हणाली, "मी भोरला निजले तर रंगीची धार कोन काढनार? ती दुसऱ्या कुनाला हात लावू देत न्हाई." हे मात्र खरं होतं. माझ्या बायकोने रंगीला तांदूळ खायला घालून, पाठ खाजवून पाहिली होती. शेवटी आईने निकाल दिला, "रंगीनं तुज्या हातावर पान्हा सोडला, की मी येते दवाखान्यात. तवर न्हाई."

एका म्हशीच्या मर्जीवर माझ्या आईचे डोळे अडकले होते.

बायकोने युक्ती काढली. आईचं लुगडं मला नेसवायचं, म्हणजे म्हैस वासाला फसेल. मी पन्नाशीचा, मिशीवाला, सरकारी नोकर. पण गरजवंताला कसली लाज? लुगडं नेसलो, डोक्यावर पदर घेतला आणि गोठ्यात जाऊन उकिडवा बसलो. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मावशी, राजगडाला वाट इकडूनच ना?" पुण्याची पोरं होती, पाठीवर पिशव्या घेतलेली. मी पदरासकट मागे वळलो. पोरांनी माझी मिशी पाहिली. मी शक्य तितक्या गंभीरपणे म्हणालो, "सरळ जा, शाळेपासून डावीकडं." ती गेली ती जवळजवळ पळतच. रंगीने मागे वळून माझ्याकडे एकदा नीट पाहिलं आणि चरवीवर लाथ मारली.

तिसऱ्या संध्याकाळी मी लुगडं ठेवून दिलं आणि शर्टपँटवर जाऊन बसलो. बायको म्हणाली, "अहो, आत्याबाई बोलतात तिच्याशी. तुमी नुसतं मुक्यानं सड ओढताय."

मी बोलायला लागलो. कचेरीतली बदली सांगितली, गाडीचं पंक्चर सांगितलं. रंगी ढिम्म. मग बोलण्यासारखं काही उरलं नाही आणि जे उरलं होतं ते आपोआप बाहेर आलं.

"रंगे, आई ऐकत न्हाई गं. काल ताटातली भाकरी चाचपत हुती. मला बगून हात मागं घेतला तिनं. जल्मभर आमच्यासाठी चिखलात वाकली, आन म्या तिला एकदा सुदिक म्हनलो न्हाई, की आई, तू हाईस म्हनून माझं घर हाय. तिला अंधारात बसलेली मला बगवनार न्हाई. लई भ्या वाटतंय."

हाताखाली सड भरून आले. चरवीत पहिली धार वाजली. मी रडत होतो की हसत होतो ते मलाही सांगता येणार नाही, पण हात थांबवला नाही. चरवी भरत आली तसा कुडापलीकडून खोकल्याचा आवाज आला.

"दिलं का रं दूध?"

"दिलं, आई."

"मग भोरला कवा जायाचं?"

डोळ्याची पट्टी सुटली तेव्हा आईने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, "तुला टक्कल कवा पडलं?" दवाखान्यातल्या सगळ्या खोलीला ते ऐकू गेलं. परतीच्या गाडीत मी हळूच विचारलं, "आई, त्या दिवशी तू कुडाशी बसून ऐकत होतीस?"

"मंग? तुमी तिघं कान लावून बसायचा, तवा मला कळत न्हवतं व्हय?"

"म्हणजे तू आम्हाला सांगत होतीस? रंगीला नाही?"

"म्हशीला काय धावीचा निकाल कळतोय, येड्या!" ती खिडकीबाहेर बघत म्हणाली. नवी नजर मिळालेली, तिला प्रत्येक बांध पाहायचा होता. "तोंडावर बोलाय मला जमलं न्हाई कदी. लाज वाटायची."

त्यानंतर आणखी काही वर्षं आई भरभरून जगली. लांबूनच कुणाच्या खाचरात तण माजलंय ते ओळखून त्याला दारात उभं करून झापायची. गेल्या सुगीला, भात झोडून कणगीत पडल्यावर, ती दुपारची आडवी झाली ती उठली नाही. पुण्याला, किकवीला फोन करायचे होते. मी आधी गोठ्यात गेलो.

आता धार मीच काढतो. परवा माझी लेक नर्सिंगची परीक्षा पास झाल्याचं सांगत आली. मला केवढा आनंद झाला! आणि मी म्हणालो काय, तर "बरं झालं. जेवून घे." तिचा चेहरा पडला. संध्याकाळी रंगीच्या कासेशी बसलो आणि सांगायला सुरुवात केली, "रंगे, आपल्या पोरीनं आज नाव काढलं बग." कुडाच्या पलीकडे, त्या फटीपाशी, बांगडी वाजली आणि लगेच थांबली.

मी धार काढत राहिलो आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, जरा मोठ्याने म्हणालो.