डोळ्यांपर्यंत उघडलेला फोटो

जुन्या यंत्रांचे आवाज जपणारी एक वेबसाइट काल सापडली. मोडेमची किंचाळी ऐकली आणि मी थेट तेव्हाच्या कोल्हापुरातल्या नेट कॅफेत!

अक्काला परदेशातलं स्थळ आलेलं. मुलाचा मामा उत्तरासाठी घरी बसून होता आणि अक्काचा हट्ट, "तोंड बघितल्याबिगार सांगणार न्हाय." मेलवरचा फोटो वरून खाली इतका सावकाश उघडत होता, की त्याचे केस दिसेपर्यंत माझे पिकले. मग कपाळ, भुवया, डोळे. अक्काची बोटं माझ्या मनगटात रुतली. तेवढ्यात वीज गेली.

"आता काय सांगायचं गं पावण्यास्नी?" आमच्या मागं उभे असलेले आबा घामाघूम.

अंधारात अक्का म्हणाली, "व्हय म्हणून सांगा. डोळं हसत्यात की."

बाकीचा चेहरा तिनं अंतरपाट खाली आल्यावरच पाहिला. तेव्हा मी विजेला शिव्या घातल्या. आता दाजींचं नाक बघितलं, की वाटतं, वीज अगदी वेळेवर गेली.